लोकगीतांचा पहिला मान कोणाचा : गाणाऱ्याचा की जपणाऱ्याचा?
(तिघांची मते, प्रत्येकाच्या पेठेच्या वा गावाच्या नावाने)

शिवाजी पेठ, कोल्हापूर :
कोल्हापुरात शाहिरीचा विषय निघाला की लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक ही नावे आपसूक ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी कधी डफ हाती घेतला नाही, तरीही लोकगीते विरून जाऊ दिली नाहीत, त्यांची आठवण आपण ठेवत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीमार्फत बायकांच्या तोंडची गाणी ग्रंथरूपात आणली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पीठ गिरणीतून येऊ लागले तेव्हा ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाही, म्हणून माझ्या मते पहिला मान या जपणाऱ्यांचा आहे.

कागल :
मला हे मान्य नाही. माझ्या आजीच्या ओव्या एका गृहस्थांनी उतरवून नेल्या. पुढे त्या पुस्तिकेत छापून आल्या, तेव्हा मुखपृष्ठावर संकलकाचे नाव होते आणि आजीचे आतही कोठे नव्हते. शिवाय कागदावर चाल उतरत नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होत असताना ढोल आणि कैताळ (मोठी झांज) यांच्या गजरात जे घुमते, ते वहीत कसे मावणार? गाणारा आहे म्हणून गाणे आहे.

शिवाजी पेठ :
आपल्या आजींवर अन्याय झाला, हे मी मनापासून मानतो. मात्र तो दोष त्या गृहस्थांचा आहे, संकलनाचा नव्हे. मी उल्लेख केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे, आणि अनेक ओव्या ध्वनिमुद्रित असल्याने त्यांची चालही ऐकता येते. ज्या बाईला गावात केवळ कुणाची तरी सून म्हणून ओळखत असत, तिचे स्वतःचे नाव तिच्या ओवीशेजारी लिहिले गेले, हे मला फार मोठे वाटते.

उत्तरेश्वर पेठ :
पडद्यामागे केवळ संकलकच असतात असे नाही. शाहिराच्या पाठीशी उभे राहून झील धरणारा, म्हणजे त्याची ओळ मागून सुरात उचलून धरणारा, आणि तुणतुणे वाजवणारा यांची नावे कोणत्या पत्रिकेत छापली जातात, हेही पाहावे.

कागल :
नाव नोंदवण्याची ही रीत सर्वत्र असती तर माझी तक्रारच नव्हती. तरीही पहिला मान मी आजीलाच देईन, कारण पहाटे चार वाजता जात्याचा खुंटा तिच्या हातात होता.