नेपाळच्या माओवादी युद्धाने बाईचं स्थान खरंच बदललं का?

नदीकाठ:
१९९६ ते २००६ च्या राजेशाहीविरुद्धच्या युद्धात आपल्या सैन्यात ४० टक्के स्त्रिया आहेत, असं माओवादी सांगत. युद्ध थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांनी माओवादी सैन्याची पडताळणी केली, तीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, त्यांत स्त्रिया ३,८४६; म्हणजे पाचांत एक. तरीही बदल खोलवर गेला असं माझं ठाम मत आहे. माओवाद्यांचे बालेकिल्ले असलेल्या रोल्पा-रुकुम जिल्ह्यांतले कितीतरी पुरुष आधीच मजुरीला भारतात गेलेले. मागे राहिलेल्या बायकांनी नांगर धरला, घरं शाकारली. ही कामं त्यांना पूर्वी वर्ज्य होती. २००१ मध्ये गोरखा जिल्ह्याच्या तुरुंगातून सहा माओवादी महिला कैदी भुयार खणून निसटल्या, तेव्हा लढणारी बाई सगळ्या देशाला दिसली.

काळी माती:
साफ असहमत. २०१२ चा हिशेब बघा. या लढवय्यांपैकी सुमारे १,४०० जण नेपाळी सेनेत घेतले, त्यांत स्त्रिया १०४. बाकीचे बहुतेक हुद्द्यानुसार ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन बाहेर पडले. असं का झालं? युद्धात पक्षाच्या परवानगीने लग्नं लागली, कित्येक आंतरजातीय. मग शांतता करारानंतर लढवय्यांना ठेवलेल्या छावण्यांत पाच वर्षं गेली, तिथेच मुलं झाली. नवरा-बायको दोघेही लढवय्ये, मग तान्हं मूल टाकून प्रशिक्षणाला जाणार कोण? गेला तो नवराच. आणि ती सासरी परतली, तर तिची जात सासूला चालेना.

नदीकाठ:
१०४ हा आकडा लाजिरवाणाच आहे. पण सेना म्हणजे सगळं नव्हे. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ स्त्रिया होत्या. आता प्रत्येक वॉर्डात चार सदस्यांपैकी दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. ओनसरी घर्ती लढाईतूनच आल्या आणि २०१५ मध्ये संसदेच्या पहिल्या महिला सभामुख, म्हणजे सभापती, झाल्या.

अंजन:
याचं श्रेय एकट्या बंदुकीला देऊ नका, २००६ च्या राजाविरुद्धच्या जनआंदोलनात बिनहत्यारी बायका रस्त्यावर होत्याच. शिवाय पळवाट पाहा. पालिकेच्या प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही पदांना उमेदवार दिले, तर पक्षाला त्यांत एक स्त्री द्यावी लागते. २०१७ मध्ये पक्षांनी तिला सरसकट उपप्रमुखपदावर ढकललं. ७५३ पालिकांत महिला प्रमुख फक्त १८. आघाडीत एकच पद लढवलं की ही अटही लागू होत नाही. २०२२ मध्ये तेच झालं.

काळी माती:
आणि पडताळणीत अपात्र ठरवून २०१० मध्ये छावण्यांतून काढलेले ४,००८ जण? त्यांतले २,९७३ भरतीच्या वेळी अल्पवयीन होते, त्यांत मुलीही होत्या. त्यांना ते ५ लाखही मिळाले नाहीत. आधी त्यांचा हिशेब मांडा, मग सभामुखांचं नाव घ्या.