पहिला मारिओ आजही खेळण्यासारखा आहे का? (1985 चा, नंतरचे नव्हेत)

राजारामपुरीकर
घरात वाद मिटेना म्हणून इथं टाकतोय. माझ्या मते पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' आजही भारी आहे, आणि ते लहानपणीच्या आठवणींमुळं नव्हे. सातवीतला भाचा म्हणतो, "मामा, यात मागं पण जाता येत नाही, हा कसला गेम?"

माझी सगळी भिस्त उडीवर आहे. बटण नुसतं टेकवलं तर छोटी, दाबून धरलं तर उंच, पळत येऊन मारली तर आणखी लांब. पळण्याचा जोर हवेतही अंगात राहतो, थांबताना मारिओ घसरतो. हे एकदा बोटांत बसलं की पुढची सगळी मजा त्यातूनच येते.

पहिली स्टेज आठवा. समोरून गुम्बा, म्हणजे चालत येणारा छोटा शत्रू, येतो, डावीकडं पळायला जागा नाही. उडी मारताना डोकं ठोकळ्याला लागतं, मशरूम बाहेर पडतं, पाईपला आपटून परत आपल्याकडंच येतं. सूचनेची एक ओळ नाही, तरी पोरगं अर्ध्या मिनिटात गेम शिकतं. गेम बनवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी हे केलं 40 केबीत. आज व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून जड असतो.

पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा
भावा, उडी मान्य. पण तू पहिल्या स्टेजवरच थांबलास. सगळे कौतुकवाले तिथंच थांबतात.

8 वर्ल्ड, प्रत्येकी 4 स्टेज, म्हणजे 32. मोजायला गेलं तर तेवढ्या वेगळ्या नाहीतच. 1-3 चीच (पहिल्या वर्ल्डची तिसरी) स्टेज 5-3 ला येते, फक्त फळ्या आखूड आणि वरून तोफगोळे. 2-2 चं पाणी 7-2 ला, 2-3 चा पूल 7-3 ला परत. 1-4 चा किल्ला 6-4 ला भेटतो. आणि 4-4, 7-4, 8-4 हे भूलभुलैयाचे किल्ले! चुकीच्या वाटेनं गेलास तर तोच रस्ता पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि चुकलास हे सांगणारं काही नाही. वर टाइम संपत चाललेला. यात कसब कुठं आलं? नुसता अंदाजपंचे कारभार.

कळंबा_रिटर्न्स
4-4 चं नाव काढू नका. त्या पायी घरातला रिमोट फुटलाय.

राजारामपुरीकर
@पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा, परत आलेल्या स्टेजचं कारण जागा. त्या 40 केबीत ढग आणि झुडपं यांचं चित्रसुद्धा एकच आहे, नुसता रंग बदललाय. आणि 5-3 ला तोफगोळे आले की तीच वाट वेगळी खेळावी लागते. ओळखीची वाट अवघड करून देणं ही मला तरी काटकसरीतली हुशारी वाटते.

पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा
ते कारण झालं, सबब नव्हे. 1985 ला जागा नव्हती हे खरंच. पण प्रश्न 'आज' खेळण्यासारखा आहे का, हा आहे ना? आज खेळणाऱ्या पोराला केबीशी काय देणंघेणं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान आहे, त्यामुळं आठवणींचा चष्मा नाही. 2018 चा 'सेलेस्ट' खेळून मग मारिओकडं आलो. सेलेस्टमध्ये कडेवरून पाय सुटला तरी क्षणभर उडी मारता येते, गेम सांभाळून घेतो. मेलात तर त्याच खोलीत लगेच परत उभे. मारिओत पाय सुटला की विषय संपला. लाईफ संपल्या की पहिल्यापासून. अवघड गेम मला आवडतात हो, पण 8-1 ला मरण्यासाठी आधीचं सगळं पुन्हा कोण खेळणार?

राजारामपुरीकर
पहिल्यापासून नाही रे! गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या स्क्रीनवर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट मारायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलास त्याच्या पहिल्या स्टेजपासून सुरू.

कळंबा_रिटर्न्स
काय सांगताय काय!! हे 30 वर्षांपूर्वी सांगायचं होतं की.

पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा
बघा. गेम जे स्क्रीनवर कुठंच सांगत नाही ते याच्या कामाचं! निम्म्या कोल्हापुरानं हा गेम फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोचं गेमचं मशीन) नकली मशीनवर खेळला, पिवळ्या कॅसेटमधून. त्यावर '9999 गेम' लिहिलेलं, आत तेच दहा-बारा फिरून फिरून. माहितीपुस्तिका कुणी बघितली होती? आणि शेवटच्या वर्ल्डला तर अर्ध्यातून परत सुरू व्हायची सोयही काढून घेतली आहे. आधीच्या वर्ल्डमध्ये किल्ले सोडले तर ती होती.

मिसळ_कमी_तिखट
दादा लोकं, भांडताय ते बरं, पण खेळताय कशावर ते सांगा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ लगेच उमटायचं. आताचा एलसीडी आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. बटण दाबल्यापासून मारिओ उडेपर्यंत मध्ये जो क्षण जातो, त्यात गुम्बा अंगावर आलेला असतो. टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, फरक पडतो. बदकं मारायची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही, ती ट्यूबच्याच चित्रावर बेतलेली होती.

म्हणजे राजारामपुरीकरदादा ज्या उडीचं कौतुक करताहेत, ती भाच्याला कदाचित मिळालेलीच नाही. आणि रस्सादादा, तुम्हाला सांगते, 1988 चा तिसरा मारिओ घ्या. मागं जाता येतं, नकाशा आहे, जमवलेल्या वस्तू राखून ठेवता येतात. पहिल्याचं निम्मं गाऱ्हाणं त्यांनीच तिथं मिटवलंय. मी पहिला आता फार तर चौथ्या वर्ल्डपर्यंत खेळते, मग तिसरा लावते.

पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा
ताई, एवढंच तर म्हणतोय मी. बनवणाऱ्यांनीच तीन वर्षांत दुरुस्ती केली असेल तर पहिल्यात दोष होता, नाही का?

राजारामपुरीकर
दुरुस्ती केली, पण उडी? पळून जोर घ्यायचा आणि बटण किती धरायचं ते बोटांनी ठरवायचं, हे तिसऱ्यातही तेच. आणि तू ज्याला कंटाळा म्हणतोस ते लोक आजही खेळताहेत. 1-2 मधून छताच्या वरून चालत जाऊन चौथ्या वर्ल्डचा पाईप, तिथून 4-2 मधल्या वेलीवरून थेट आठवं वर्ल्ड, आणि सगळा गेम 5 मिनिटांच्या आत. एक-एक फ्रेम वाचवायला वर्षं घालवतात माणसं. उडीत दम नसता तर कोण बसलं असतं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
त्यांनी तर 32 पैकी 24 स्टेज गाळल्या, दादा. हा रस्सादादांचाच मुद्दा झाला.

मिसळ_कमी_तिखट
😂😂

राजारामपुरीकर
पॉइंट दिला. पण 8-3 चे हातोडेवाले त्यात गाळता येत नाहीत. रस्सा, रविवारी घरी ये, ट्यूबचा टीव्ही माळ्यावरून काढतो. मशरूम न खाता त्यांना पार करून दाखव, मग उडीवर बोल.

पांढरा_रस्सा_एक्स्ट्रा
येतो. रिमोट कळंब्याच्या हातात द्यायचा नाही.