रिकाम्या बाटल्या, बरण्या, जुने टीशर्ट... काय काय परत वापरता?

प्रश्न: एवढं साठलंय की कपाट उघडलं की अंगावर येतं, टाकवत नाही आणि कशाचं काय करायचं तेही कळत नाही. सांगा ना कुणीतरी.

उत्तर: आधी प्लास्टिकच्या बुडाचा त्रिकोण बघा. आत १ आकडा असेल तर ते पेट (PET) नावाचं प्लास्टिक, त्यात गरम काही ओतू नका, बाटली लगेच आकसून वाकडी होते. ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ते उष्णता बरीच सहन करतं.

उत्तर: काचेच्या बरण्या अजिबात टाकू नका!! लेबलचा चिकटा जात नसेल तर खायचं तेल नि खायचा सोडा एकत्र कालवून फासा, अर्ध्या तासाने घासलं की तो राखाडी थर गोळ्या गोळ्या होऊन निघतो. वास राहतो तो झाकणाला, ते उन्हात ठेवा.

उत्तर: टीशर्ट सुती असेल तरच पुसायला घ्या, पॉलिस्टर पाणी नुसतं पसरवतं. आणि कळकळीने सांगते, फिनेल किंवा कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी त्यात पिण्याचं पाणी भरू नका.

प्रश्नकर्ती: बापरे, फिनेलच्या दोन धुऊन ठेवल्या होत्या, आत्ताच बाजूला काढल्या. थँक्यू!