'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' हा सुपरहिरोंचा पिक्चर कुठे नि कोणाबरोबर पाहिलात?

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती नको. थेटरात काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करतो. २६ एप्रिल २०१९, शुक्रवार, पुणे, सकाळी सातचा शो. सातचा! घरी सांगितलं लायब्ररीत जागा पकडायचीय, आईने बिचारीने दहीभाताचा डबा दिला, तो गेटवर सिक्युरिटीवाल्याने ठेवून घेतला आणि शो सुटल्यावर हातात आला तेव्हा पार आंबलेला. कॅप्टन अमेरिकाच्या हातात थोरचा, सहसा दुसऱ्या कुणाला न उचलणारा हातोडा आला तेव्हा अख्खं थेटर उभं, शिट्ट्या, मागून कुणाचे तरी पॉपकॉर्न थेट माझ्या कॉलरमध्ये. पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं एक अक्षर कळलं नाही. ते डायलॉग नंतर घरी लॅपटॉपवर नीट ऐकले, पण शिट्ट्या नव्हत्या ना, मजा नाही आली.

—

माझा किस्सा आदल्या वर्षीचा, ह्याच्या आधीच्या भागाचा, इन्फिनिटी वॉरचा. नाशिक, हिंदी डब, सोबत बाबा. बाबांनी आधीचा एकही पाहिलेला नाही, त्यामुळे दर दोन मिनिटांनी "हा आपल्यातला का त्यांच्यातला?" मी दबक्या आवाजात सांगतोय, पुढचे वळून बघतायत. शेवटी एकेक जण राख होऊन उडायला लागला, थेटर चिडीचूप, आणि बाबा मोठ्याने, "अरे, हा तर आपल्यातला होता ना!" बाहेर पडताना विचारलं, उरलेला कधी लागणार. म्हटलं पुढच्या वर्षी. "मग तिकिटाचे अर्धेच घ्यायचे होते की त्यांनी."

—

मुंबई. सोमवारी २९ला मतदानाची सुट्टी म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशीचं काढलेलं, सकाळी मत, दुपारी पिक्चर. तीन दिवस व्हॉट्सअ‍ॅप बंद, फेसबुक बंद, ऑफिसात कानात बोळे घालायचे बाकी होते. आणि शनिवारी लोकलमध्ये कुर्ल्याला दोन कॉलेजची पोरं चढली. दादर येईस्तोवर कोण मेलं, कसं मेलं, अंत्ययात्रेला कोण कोण होतं, सगळं झालं. गर्दी अशी की हात वर करून कान झाकता येईनात. सोमवारी बोटाला शाई लावून थेटरात बसले आणि टोनीने, म्हणजे आयर्न मॅनने, ती जीवघेणी चुटकी वाजवायच्या आधीच रडायला सुरुवात केली, शेजारच्या बाईंना वाटलं मला बरं नाहीये, त्यांनी लिमलेटची गोळी दिली.

—

अमेरिकेत, न्यू जर्सीला पाहिला. इथे मध्यंतर नसतं हो! माहीत होतं, पण हाताला सवय, मोठ्ठा कोक घेतला. पिक्चर ३ तास १ मिनिटाचा. भूतकाळातल्या न्यूयॉर्कचा भाग सुरू झाला तेव्हा सहन होईना, सॉरी सॉरी करत सगळ्यांचे पाय तुडवत गेलो, परत येतो तर पडद्यावर कॅप्टन कॅप्टनलाच बडवतोय. बायकोला विचारलं तर म्हणे गप्प बस, घरी सांगते. अजून सांगितलेलं नाही.

—

रागावू नका पण मी झोपले. पहिला तासभर सगळे नुसते दुःखी. शेवटच्या लढाईला नवऱ्याने कोपर मारून उठवलं, ती मात्र मस्त होती.

—

आमचा लेक तेव्हा सात वर्षांचा. पिक्चरमधल्या व्हिलनच्या सहा मण्यांच्या पंजासारखा खोक्याच्या पुठ्ठ्याचा पंजा केला होता त्याने, दिवाळीच्या पणत्यांचा उरलेला सोनेरी रंग फासून, आणि सहा मणी म्हणून माझ्या ब्लाउजची सहा बटणं, तीही मला न विचारता. टोनी गेला तेव्हा थेटरात ठिकठिकाणी नाकं ओढल्याचे आवाज. ह्याने पंजा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि कानात विचारलं, "आता त्याच्या मुलीला शाळेत सोडायला कोण जाणार?" मला काही सुचेना, म्हटलं आई जाईल रे. पंजा नंतर त्याने घातला नाही. बटणं अजून त्यावरच आहेत.

—

रात्री पावणेबाराचा शो, ठाणे. पहाटे तीन वाजून गेलेले, नावं सरकतायत आणि ह्या पिक्चरांत नेहमी दाखवतात तसं शेवटी काहीतरी दाखवतील म्हणून आम्ही पंधरा-वीस जण चिकटून बसलेलो. झाडूवाल्या मावशी दाराशी टेकून उभ्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "उठा रे पोरांनो, काही नाहीये पुढे, सकाळपासून बघतेय, नुसतं ठकठक वाजतं." तरी बसलो. वाजलं ठकठक.