‘तेक्यू’चे चौथे पर्व फिके, की आमचीच घाई?

कवळ्याची लेक
नमस्कार मंडळी. सुट्टीत फोंड्याला आमच्याकडे राहायला आलेल्या भाच्याने मला ‘तेक्यू’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेची गोडी लावली. शाळेच्या टेनिस क्लबातल्या चार मुली आणि टेनिस सोडून त्यांचे बाकी सारे उद्योग, एवढेच तिचे कथानक आहे आणि एक भाग जेमतेम दोन मिनिटांचा असतो. गेल्या रविवारी रात्री जेवताना आम्ही पहिली तिन्ही पर्वे एका बैठकीत संपवली. भाच्याचा घास हातातच राहत होता, आणि माशाच्या हुमणाने माखलेला उजवा हात वर धरून मी डाव्या हाताने दर दहा सेकंदांनी मालिका थांबवत होते, कारण त्या मुली इतक्या भरभर बोलतात की खालची इंग्रजी ओळ वाचून होण्याआधीच पुढची उमटते. सोमवारी मोठ्या उत्साहाने चौथे पर्व लावले आणि चार-पाच भागांनंतर आम्ही दोघेही गप्प झालो. मुली त्याच, वेडेपणा तोच, तरी रंगत येईना. हे पर्वच उणे आहे, की आमच्या बघण्यात काही चुकते आहे? आणि ज्या मालिकेत पुढे काही घडतच नाही, ती नऊ-नऊ पर्वे परत येते तरी कशाला?

पर्वरीचा रात्रपाळीवाला
ताई, हिशेब केलात तर उत्तर सापडेल. १२ भागांचे एक पर्व म्हणजे २४ मिनिटे, म्हणजेच नेहमीच्या अ‍ॅनिमेचा एक भाग. तुम्ही एका रात्रीत ३६ भाग संपवलेत. मूळ प्रेक्षकांना ते ऑक्टोबर २०१२ ते डिसेंबर २०१३ एवढ्या काळात, आठवड्याला एक या गतीने मिळाले होते. त्यानंतर चौथे पर्व थेट एप्रिल २०१५ मध्ये आले, म्हणजे सव्वा वर्षाच्या खंडानंतर. तुम्ही तो खंड एका झोपेत उरकलात! दोन मिनिटांत इतकी वाक्ये कोंबलेली असतात की एक भाग पुन्हा पाहिल्याशिवाय त्यातला निम्मा विनोद हातीच लागत नाही.

जाता जाता, मालिकेच्या नावातच एक कोटी आहे. टेनिसला जपानीत ‘तेइक्यू’ असा शब्द आहे. त्यातल्या ‘तेइ’चा अर्थ अंगण आणि ‘क्यू’चा अर्थ चेंडू. म्हणजे आपल्याकडे तिला ‘अंगणचेंडू’ म्हणायला हरकत नाही, जरी चेंडू फारसा दिसत नसला तरी.

पेडण्याचा पाहुणा
परत येण्याचे कारण विचारलेत म्हणून लिहितो. आमच्या गावच्या जत्रेत दशावतार असतो आणि मुख्य आख्यान सुरू होण्याआधी काळ्या वेषातला, लांब लाल जीभ लावलेला संकासूर रंगमंचावर येऊन मालवणीत सगळ्यांची हजेरी घेतो. तो दर वर्षी येतो, दर वर्षी तशीच मस्करी करतो आणि दर वर्षी मारला जातो. गेल्या वर्षीपासून त्याचे कथानक किती पुढे सरकले, असे कोणी विचारत नाही, उलट त्याला यायला उशीर झाला तर पोरे चुळबुळ करू लागतात. पण तोच संकासूर एका रात्रीत ३६ वेळा आला असता, तर लोकांनी चटया गुंडाळून घरची वाट धरली असती.

जपानी विनोदी जोडीत एक जण वेडेपणा करतो, त्याला ‘बोके’ म्हणतात, आणि दुसरा त्याला तिथल्या तिथे झापतो, तो ‘त्सुक्कोमी’. ‘तेक्यू’त झापण्याचे काम युरीकडे आहे, ती सर्वांत धाकटी आणि टेनिस खरोखर येणारी, त्यामुळे तिच्या वैतागाला धार आहे. पण कोणाचाही वैताग सलग तासभर ऐकला की कानाला त्याची सवय होते आणि हसू येईनासे होते.

मडगावची मांजर
वरच्या दोन्ही उत्तरांशी मी पूर्ण सहमत नाही. सगळा दोष ताईंच्या घाईला देऊ नये. पहिली तीन पर्वे ‘मापा’ या स्टुडिओने केली होती. चौथ्यापासून काम ‘मिलपांसे’कडे गेले. दिग्दर्शक इतागाकी शिन हेच राहिले, म्हणून मालिकेचा पिंड बदलला नाही, परंतु हात बदलले, आणि ताईंच्या नजरेला काही वेगळे जाणवले असेल तर तो केवळ भास नसावा. शिवाय चौथ्यापासून सातव्यापर्यंतची पर्वे एप्रिल २०१५ ते मार्च २०१६ या वर्षभरात एकामागून एक आली, म्हणजे ‘परत आली’ म्हणायला ती गेलीच कुठे होती, असा प्रश्न तेव्हा पडावा. नववे आणि शेवटचे पर्व २०१७ चे आहे. माझ्या मते आठव्यापर्यंत थांबत थांबत जावे आणि नववे हवे तर सलग पाहावे, कारण त्यानंतर वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

कवळ्याची लेक
सर्वांचे आभार. चौथे पर्व ३७ व्या भागापासून पुन्हा लावले आणि रोज रात्री एकच भाग, तोही दोनदा पाहायचा असे ठरवले. पहिल्यांदा न थांबवता, दुसऱ्यांदा ओळी वाचत. भाच्याने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले. तिसऱ्या दिवशी भाग ऐन मध्यात आला असताना पावसामुळे वीज गेली आणि पुढे काय झाले असेल यावर मेणबत्तीच्या उजेडात आमचे अर्धा तास भांडण झाले. मालिकेतला खरा शेवट आम्हा दोघांच्या तर्काहून कितीतरी मूर्खपणाचा निघाला! स्टुडिओचा फरक मला अजून नेमका दाखवता येत नाही, त्यामुळे मांजरताईंचा मुद्दा तूर्त राखून ठेवते. आज ४४ वा भाग आहे, आणि भाचा आत्ताच विचारून गेला की जेवण थोडे लवकर वाढता येईल का.