फ्रान्समध्ये नदीकाठाने ग्रॅव्हल सायकलिंग, गाड्या अजिबात नसलेला रूट कुठला?

चाकोरीबाहेर७१
मंडळी, जरा मदत हवीये. जूनमध्ये मी आणि बायको फ्रान्सला जातोय, पॅरिसमधलं काम उरकलं की सहा दिवस मोकळे आहेत आणि ते सायकलवर काढायचेत. बायकोची एकच अट, मागून हॉर्न ऐकू आला की ती तिथेच सायकल सोडून ट्रेन पकडणार. म्हणजे गाड्या शून्य. माझी अट अशी की नदी पाहिजे, जुनी गावं, किल्ले-बिल्ले पाहिजेत, आणि सगळं गुळगुळीत डांबर नको, थोडी खडी-माती हवी, नाहीतर ग्रॅव्हल बाईक घेऊन उपयोग काय. रोज ५०-६० किमी, चढ फार नकोत. नेटवर जिथे बघावं तिथे 'लोआर आ व्हेलो'च (लोआर नदीकाठचा सायकल रूट) दिसतंय. तेच करावं का? का कॅनाल द्यु मिदी? दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

पॅनिअरकाका
लोआर सुंदरच आहे, वादच नाही, पण तुमच्या बायकोच्या अटीत बसत नाही. जवळपास ९०० किमीचा रूट आहे आणि त्यातला बराचसा भाग शेताशेतातल्या छोट्या रस्त्यांवरून जातो, तिथे गाड्या कमी असतात, शून्य नसतात. सायकल रूटची पाटी लागली म्हणजे गाड्या बंद असं नसतं हो, लोक तिथेच फसतात. फ्रान्समध्ये खरोखर गाड्या नाहीत अशा जागा मुख्यतः दोन प्रकारच्या, एक म्हणजे बंद पडलेल्या रेल्वे लाइनी आणि दुसरं नदी-कालव्याच्या काठचे टोपाथ, जिथून पूर्वी घोडे नाहीतर माणसं बोटी ओढत न्यायची. निळ्या चौकोनी पाटीवर चालणारा माणूस आणि सायकल असं एकत्र चित्र दिसलं की ती 'व्वा व्हेर्त', तिथे मोटारगाडीला बंदी. क्वचित लॉकवाल्यांची (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारी, दारं लावलेली टाकी) सरकारी गाडी दिसते, ती दहाच्या स्पीडने जाते, हॉर्न वाजवत नाही 😄

माझं मत विचाराल तर मायेन नदी. नाव कुणी ऐकलेलं नसतं आणि तेच बरंय. मायेन गावापासून लाव्हाल, शातो-गोंतिए करत दाँपर्यंत साधारण ८५ किमी सलग टोपाथ, नदीला अगदी चिकटून, चढ जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात बोटींसाठी नदीवर बंधारे आणि लॉक बांधले, त्यामुळे दर दोन-चार किमीवर एक बंधारा, एक लॉक आणि शेजारी लॉकवाल्याचं छोटं घर, दारात फुलांच्या कुंड्या. लॉक अजून हाताने फिरवतात, बोट आली असेल तर थांबून बघाच, माणूस दांडा फिरवत दाराची झडप उघडतो आणि पाणी चढायला लागलं की बोटवाले तोवर निवांत कॉफी पीत बसलेले असतात. सरफेस म्हणजे दाबून बसवलेली वाळू-खडी, टायरखाली सतत करकर आवाज. ३८ ते ४२ एमएमचे टायर पुरे.

आणि या पट्ट्याच्या आधी उत्तरेला डोंफ्राँ ते मायेन अशी जुनी रेल्वे लाइन आहे, ती पण व्वा व्हेर्त. दोन्ही जोडून जाऊन-येऊन केलंत तर तुमचे सहा दिवस आरामात निघतात. हा सगळा 'व्हेलो फ्रान्सेत' नावाच्या रूटचा मधला तुकडा आहे, तो नॉर्मंडीच्या समुद्रापासून ला रोशेलपर्यंत जातो.

खडबडीत
काका चांगलं सांगतायत पण एक विचारू, टोपाथ म्हणजे ग्रॅव्हल का? सपाट, सरळ, डावीकडे पाणी उजवीकडे झाडं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बोअर होतं राव. कॅनाल द्यु मिदी तरी करा, निदान थोडी मजा आहे. तुलूझपासून पहिले ५० किमी डांबर आहे, ते संपलं की खरी मातीची पायवाट, मुळं, खड्डे, कधी हँडल जाईल एवढीच जागा. १६६६ ला काम सुरू होऊन १६८१ मध्ये पूर्ण झालेला कालवा आहे, युनेस्को यादीत आहे, वाटेत कार्कासोनचा किल्ला, बेझिएला लॉकची जिनेवजा रांग, आणि मालपासला डोंगराच्या पोटातून कालवा काढलाय, सतराव्या शतकात! वारा मात्र बघून निघा, सेर्स नावाचा वारा सुटला तर तुलूझकडून समुद्राकडे पाठीवर घेऊन जातो, उलट दिशेचा ओतां सुटला तर वारा तोंडावर.

नांतकर
मिदीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, ज्या फोटोंसाठी लोक जातात, दोन्ही काठांवर प्लेन ट्रीची कमान वगैरे, ती आता सगळीकडे राहिलेली नाही. त्या झाडांना बुरशीचा रोग आहे, २००६ मध्ये कालव्यावर सापडला, आणि रोगट झाड वाचवता येत नाही म्हणून तोडून जाळतात. मूळची ४२ हजार झाडं होती, त्यातली हजारो गेली. नवीन झाडं लावतायत पण ती सावली देईपर्यंत आपली पोरं म्हातारी होतील. जूनमध्ये दक्षिणेत ऊन पण सणसणीत असतं, सावलीशिवायचा मोठा पट्टा नवशिक्यांना जड जातो.

मी नांतजवळ राहते त्यामुळे मी आमच्या कालव्याची बाजू घेणारच 😅 नांत-ब्रेस्त कालवा, ३६४ किमी. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या जहाजांनी ब्रेस्त बंदराची कोंडी केली होती, म्हणून आतून रसद न्यायला हा कालवा काढायचं ठरलं, आणि पूर्ण झाला १८४२ ला, तोवर नेपोलियनही गेला आणि ते युद्धही संपलं. आता त्याचा सगळ्यात जास्त उपयोग आम्हा सायकलवाल्यांना. सरफेस मायेनसारखाच. मालेत्रुआ, जोस्लँ ही गावं बघाच, जोस्लँला रोआं घराण्याचा किल्ला, तीन गोल बुरूज थेट नदीतून उगवल्यासारखे वर येतात आणि टोपाथ बरोब्बर त्यांच्या समोरून जातो. पुढे गेर्लेदाँला १९३० च्या सुमारास धरण झालं त्यात जुने लॉक पाण्याखाली गेले, कालवा तिथे तुटतो, मग बाजूच्या जुन्या रेल्वे लाइनीवरून जायचं. ताई म्हणून वहिनींसाठी सांगते, नांत ते पोंतिव्ही एवढाच पट्टा धरा, सहा दिवसांत सुखाने होतो.

@खडबडीत बोअर व्हायचं म्हणालात, तर सरळ रेषेत जाताना बघायला शिकलं पाहिजे 🙂 काठावर मासे पकडणारे काका लोक बसतात, त्यांच्या काठ्या दहा-बारा मीटरच्या असतात आणि मागे सरकवताना त्या टोपाथवर आडव्या येतात. लांबूनच जोरात बोंजूर म्हणायचं, ते काठी उचलतात, आपण जायचं. न बोलता अंगावर गेलात तर चांगल्या शिव्या बसतात, आणि त्या बसायलाच हव्यात.

खडबडीत
ताई मान्य, झाडांचं खरंय. पण ग्रॅव्हल म्हणजे मला बर्गंडीतल्या मोर्व्हाँ डोंगरांची जंगलं दिसतात, जाऊ दे, सहा दिवस आणि वहिनी असतील तर तुमचंच ऐकावं 😂

बर्गंडी_रिटर्न
बर्गंडीचं कोणीच नाव घेईना म्हणून लिहितो. जिव्री ते क्लुनी ही फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त, १९९७ ची, जुन्या रेल्वे लाइनीवर. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, शेवटी क्लुनीचा मठ, दहाव्या शतकात स्थापन झालेला. पण ती डांबरी आहे आणि अंतर कमी, तुमच्या ग्रॅव्हल हौसेला पुरणार नाही. क्लुनीच्या पुढे बोआ-क्लेरचा रेल्वे बोगदा आहे, दीड किमीपेक्षा मोठा, आत भर उन्हाळ्यात पण थंडी वाजते, आणि हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात. जूनमध्ये उघडा असतो. जॅकेट ठेवा.

चाकोरीबाहेर७१
सगळ्यांचे आभार. बायकोने वाचलं, तिला लॉकवाल्याची घरं आवडली म्हणजे मायेन फायनल 😀 आता प्रॅक्टिकल सांगा. पॅरिसहून सायकल घेऊन कसं जायचं, पाऊस लागला तर, आणि खायचं काय?

पॅनिअरकाका
ट्रेन: लाव्हालला पॅरिसच्या माँपारनास स्टेशनहून थेट टीजीव्ही (वेगवान ट्रेन) आहे. सायकल अख्खी न्यायची तर जागेचं वेगळं बुकिंग, त्याचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक गाडीत जागा नसते म्हणून आधी सायकलची जागा बघा मग माणसांची. चाकं काढून बॅगेत भरली तर सामान म्हणून फुकट जाते. लोकल टीइआर गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायकल फुकट, पण उन्हाळ्यात काही भागांत बुकिंग लागतं.

पाऊस: मायेनची ती छान कोरडी वाळू भिजली की राखाडी खिमट होतं आणि साखळीपासून डिस्क ब्रेकपर्यंत सगळीकडे चढतं, वाळलं की सिमेंट. मडगार्ड लावा, आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आधी सायकल धुवा मग स्वतः. 'आक्यॉय व्हेलो' असा बोर्ड असलेली हॉटेलं बघा, ती रूटपासून ५ किमीच्या आत असतात आणि सायकल ठेवायला बंद जागा, थोडी अवजारं देतात.

खाणं: गावातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच बंद, सोमवारी बेकरी पण बंद सापडू शकते. म्हणून शनिवारी ब्रेड-चीज-फळं घेऊन ठेवा. शाकाहारी म्हणून सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी ऑम्लेट आणि सॅलडवर निभतं. पाणी लागलं तर चर्चजवळच्या दफनभूमीत नळ असतो, पाटी वाचा, 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं नाही.

कायद्याचं एक, हेडफोन लावून सायकल चालवली तर १३५ युरो दंड, एका कानात लावला तरी. सायकलला घंटी सक्तीची आहे. आणि टोपाथच्या तोंडाशी गाड्या येऊ नयेत म्हणून लोखंडी आडवे बार असतात, रुंद पॅनिअर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) त्यात अडकतात, शक्यतो बाईकपॅकिंगच्या बारीक बॅगा लावा. पॅनिअरकाका सांगतोय म्हणजे ऐका.

नांतकर
काठाच्या अगदी कडेने चालवू नका, रॅगोंदां नावाचा मोठा उंदरासारखा प्राणी आहे तो काठ पोखरतो, वरून गवत दिसतं आणि खाली पोकळ. गवतात बसलात तर पायाला गोचीड बघा. आणि दाँच्या पुढे अँजे शहरात गेलात तर तिथला किल्ला चुकवू नका, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचे सतरा बुरूज आणि आत चौदाव्या शतकातलं भलंमोठं विणकाम लावलंय, शंभर मीटरहून लांब.

चाकोरीबाहेर७१
दाँच्या पुढे अँजेपर्यंत पण टोपाथच आहे ना? की तिथे ट्रेन पकडावी लागणार, बायकोची अट लक्षात आहे ना 😬

पॅनिअरकाका
सलग नाही. दाँनंतर मधे मधे नदी सोडून गावातल्या बारीक रस्त्यांवर यावं लागतं, दिवसभरात मोजक्याच गाड्या दिसतील पण दिसतील. वहिनींना आधीच सांगून ठेवा. ऐकलं नाही तर दाँहून मागे वळून शातो-गोंतिएला मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच टोपाथने लाव्हाल, तिथून पॅरिसची गाडी. येताना उजेड दुसऱ्या बाजूने पडतो, नदी वेगळीच दिसते, आणि जूनमध्ये तिकडे रात्री दहाच्या आसपास सूर्य मावळतो त्यामुळे घाई नाही.