विषय: बिअरच्या किटात गावचा गूळ घातला तर?

प्रेषक: विश्रामबागवाला, लीड्स

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीखेरीज आपल्या ईमेल लिस्टवर पहिल्यांदाच तोंड उघडतोय, सांभाळून घ्या. वाढदिवसाला ऑफिसातल्यांनी बिअरचं किट दिलं. १.७ किलोचा माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) पाकाचा डबा, झाकणाखाली यीस्टची पुडी. सूचना एवढीच, की किलोभर साखर घाला, पाणी घालून २३ लिटर करा आणि ठेवून द्या. आठवड्यानं बाटल्या भरल्या, आणखी आठवड्यानं उघडल्या. बिअर झाली, पण पांचट. कच्च्या सफरचंदासारखा वास, आणि दुसऱ्या ग्लासाला डोकं धरतं. बायको म्हणाली, सोडा घातलेलं ताक लागतंय.

परवा आई आली. बॅगेत तीन किलो गूळ आणि तासगावचे बेदाणे. म्हणून दुसरा डबा आणलाय. साखरेऐवजी किलोभर गूळ, मूठभर बेदाणे, वर चमचाभर हळद. गोडवा येईल ना? आईला ‘माल्टचा काढा करतोय’ असं सांगितलंय, तेव्हा कृपया घरच्या फोनवर उत्तर देऊ नका.

प्रेषक: मिरजकर काका, ब्रिस्टल

अरे बाबा, आधी ते गोडव्याचं डोक्यातनं काढ. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे उरतो तो गुळाचा काळपट, किंचित खारट स्वाद आणि अल्कोहोल. बिअरला अंग येतं ते माल्टमधल्या, यीस्टला न पचणाऱ्या भागामुळं. किलोभर साखर घाल नाहीतर गूळ घाल, बिअर पातळच होणार. आमटीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि वर तिखट टाकायचं, त्यातला प्रकार.

७०० ग्रॅम सुकी माल्ट पावडर घे (दुकानात स्प्रेमाल्ट म्हण) आणि गूळ फक्त ३०० ग्रॅम. डब्यातला पाक धरून हिशेब केलास तर गूळ आठव्या हिश्शाच्या आसपास येतो. तेवढा पुरे.

बिअरमध्ये खरा जीव आणायचा असेल तर पाव किलो क्रिस्टल माल्टचे दाणे आण, भरडलेले. दोन-अडीच लिटर पाणी ६५ ते ७० अंशांवर आणून त्यात कापडाच्या पुरचुंडीत अर्धा तास ठेव. उकळत्या पाण्यात टाकू नकोस, टरफलाचा तुरटपणा उतरतो. पुरचुंडी काढली की ते पाणी दहा मिनिटं उकळ, त्यातच गूळ विरघळव, मग गाळून बादलीत. डब्यातला पाक मात्र उकळत बसू नकोस. त्यात हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा आधीच आहे, उकळून असलेला वास उडून जातो. वासासाठी बुडबुडे मंदावले की २५ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स टाक आणि तीन-चार दिवस राहू दे.

आता मुख्य प्रश्न. बादली ठेवली कुठं होतीस? बॉयलरच्या कपाटात, पैज लावतो. सगळे तिथंच ठेवतात, ‘उबेला बरं’ म्हणून. यीस्टला २६ अंश दिलेस की ते धावत सुटतं आणि ज्यानं डोकं धरतं ते जड अल्कोहोल तयार करतं. हरिपूरची हळदीची जमिनीतली पेवं बघितलीस ना? बाहेर वैशाख पेटला तरी आत काही फरक पडायचा नाही. तसली जागा शोध, १८ ते २० अंशांची. नसेल तर बादली घमेल्यात पाणी घालून ठेव आणि भोवती ओला टॉवेल गुंडाळ, रांजणाला गुंडाळतो तसा. गूळ, बेदाणे हे सगळं त्याच्यानंतर.

सफरचंदाचा वास म्हणजे घाई. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भर. नाहीतर त्या फुटतात. माझ्या गॅरेजच्या छताला अजून डाग आहे. भरताना बुडबुड्यांसाठी साखर सगळ्या बादलीला मिळून १३० ग्रॅम, अंदाजपंचे नको.

प्रेषक: तासगावची लेक, रेडिंग

काकांचं बरोबर, पण बेदाण्याचं मी सांगते, आमच्या दारात शेड आहे. द्राक्षं रॅकवर टाकायच्या आधी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढतात, म्हणून लवकर सुकतात. तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो. गरम पाण्यानं दोनदा धुवा, चिरा, पाच मिनिटं उकळा, मगच घाला. पिवळेधमक असतील तर त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. काळे असले तर बरे.

गुळाचंही तेच. पांढरटपिवळा, देखणा गूळ म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोस (रंग उजळायची पावडर) घातलेला. काळपट बघून घ्या. आणि पुढच्या वेळी आईंना काकवी आणायला सांगा, विरघळवायची कटकट नाही.

हळद घालू नका हो. सांगलीची हळद आहे, बादली जन्मभर पिवळी राहील.

प्रेषक: धाकटा भाऊ, सांगली

दादा, लिस्ट मीही वाचतो. एक डबा आईबरोबर इकडं पाठव की.

प्रेषक: लिस्टचे व्यवस्थापक

नको. इंग्लंडात घरच्या बिअरचा परवाना १९६३ साली रद्द झाला. विकायची नाही, एवढीच अट. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, घरी बनवायची सोय नाही. लिस्टवर सल्ला फक्त परदेशातल्यांना.

प्रेषक: विश्रामबागवाला, लीड्स

पाच आठवडे झाले, हिशेब देतो.

काका, पैज जिंकलात, कपाटच होतं. आता बादली जिन्याखाली. पहिल्या खेपेला थोडा डेटॉलसारखा वासही होता, तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा निघाला. या वेळी अर्धी कॅम्डेन गोळी टाकली, वास गेला. बेदाणे पाव किलो घातले. खरं सांगू, चवीत सापडले नाहीत. गूळ मात्र घोट गिळल्यावर मागून येतो, गुऱ्हाळावरून जाताना येतो तसा. फेस टिकतो. डोकं धरत नाही.

आईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रोज दोनदा टॉवेल तीच ओला करत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘काढा तापला तर नासेल ना.’

४१ बाटल्या झाल्यात. कोजागरीला बारा आणतो. भडंग कोण करणार तेवढं कळवा, लसूण जास्त घाला.